फ्रान्समध्ये सायकल: 2,000 मीटरचा घाट जड की 300 मीटरच्या टेकड्या?

फ्रान्सला सायकल घेऊन जायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "किती उंचीवर जावं लागेल?" विचारायला हरकत नाही, पण दिवस किती जड जाणार हे त्यातून कळत नाही. आल्प्समधली गालिबिएची खिंड 2,642 मीटरवर आहे. नैर्ऋत्येकडच्या जेर्स जिल्ह्यातले बहुतेक रस्ते 350 मीटरच्या आतच राहतात. आणि तरीही, बॅगा लादलेल्या सायकलवर दिवसभर फिरायचं असेल तर जेर्समध्ये मांड्या आधी बोलू लागतात. एक खिंडीचा घाट, दुसरा टेकड्यांचा मुलूख. दोन्हीकडे चढच आहेत म्हणून एकाच तयारीने गेलं तर कुठेतरी फजिती ठरलेली.

आधी घाट. फ्रेंच सायकलवाल्यांना 'कोल' म्हणजे खिंडीचं भारी वेड. 1972 मध्ये स्थापन झालेला 'क्लब दे सां कोल' हा क्लब तर शंभर वेगवेगळ्या खिंडी सायकलने पार केल्याशिवाय सभासद करून घेत नाही, आणि त्यातल्या किमान पाच 2,000 मीटरच्या वरच्या लागतात. पण खिंड म्हणजे दोन उंचवट्यांमधली सखल जागा, एवढंच. ती उंचच असली पाहिजे असं नाही. मासिफ सेंट्राल या मध्य फ्रान्समधल्या डोंगराळ मुलखात आणि आर्देश जिल्ह्याच्या बाजूला बेताच्या उंचीच्या कितीतरी खिंडी आहेत, आणि माथ्यावर नाव आणि उंची लिहिलेली पाटी बहुतेक ठिकाणी असते. फोटो काढायची सोय झाली, एवढ्यावरून घाट किती अवघड होता ते ठरत नाही.

मोठ्या घाटांचा खरा गुण म्हणजे त्यांचा चढ एकसारखा असतो. याला कारण आहे. फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज पर्वतातले ओबिस्क आणि तुर्माले हे घाट तिसऱ्या नेपोलियनच्या काळात 'रूत थर्माल' म्हणून जोडले गेले. गरम पाण्याच्या झऱ्यांवर औषधोपचाराला येणाऱ्या श्रीमंतांच्या घोडागाड्या एका गावाहून दुसऱ्या गावी जाव्यात यासाठी तो रस्ता होता. गाडीला जुंपलेला घोडा भिंतीसारखा चढ चढत नाही, म्हणून रस्ता वळणं घेत घेत वर नेला. त्याचा फायदा आज आपल्याला मिळतो. ल्यूझ-सँ-सोवरहून तुर्माले (2,115 मीटर) साधारण 19 किलोमीटर आणि 1,400 मीटर चढ आहे, सरासरी सात टक्क्यांच्या जरा वर, म्हणजे दर 100 मीटर अंतराला सात मीटरहून थोडं जास्त चढायचं. आकडा ऐकून धडकी भरते, पण एकदा गियर आणि श्वास जुळला की दोन-तीन तास तीच लय चालते. नावाजलेल्या घाटांवर तर दर किलोमीटरला छोटी पाटी असते. माथा किती दूर, आत्ता किती उंचीवर आहात आणि पुढच्या किलोमीटरची सरासरी किती टक्के, हे सगळं तिच्यावर लिहिलेलं. दमलेल्या माणसाला याहून जास्त काही नको असतं.

टेकड्यांच्या मुलखात अशी पाटी नाही, कारण तिथल्या चढांना नावंच नाहीत. आणि रस्तेही कोणी घोडागाड्यांसाठी आखलेले नाहीत. शेतातून गावात, गावातून चर्चकडे, नाल्यावरच्या पुलावरून पलीकडच्या टेकडीवर, असे ते सरळ गेलेले. चढ जेमतेम अर्धा-पाऊण किलोमीटरचा, पण दहा-बारा टक्क्यांचा. वर पोचून पाणी प्यावं म्हटलं तर लगेच उतार. उतारावर वेग घ्यावा तर तळाशी अरुंद पूल आणि त्याला लागून काटकोनी वळण. ब्रेक दाबायचा, मिळवलेला वेग गमवायचा आणि पुन्हा शून्यातून चढायला लागायचं.

साधा हिशोब करून पाहू. माणूस, सायकल आणि सामान मिळून 100 किलो धरा. सात टक्क्यांच्या चढावर ताशी साडेपाच किलोमीटरने गेलात तर फक्त वजन वर उचलायला साधारण 105 वॅट लागतात. बारा टक्क्यांवर त्याच वेगाला 180. घाटात शक्ती कमी पडली तर वेग कमी करून निभावता येतं. बारा टक्क्यांवर ती मुभा फारशी नसते, कारण याहून हळू गेलं तर लादलेली सायकल डगमगते. म्हणजे प्रत्येक टेकडीला पाय एकदा पेटणारच. घाटातला 1,000 मीटर चढ हा एक चढ असतो, इथे तेवढीच बेरीज चाळीस-चाळीस मीटरच्या पंचवीस चढांची होते. मोबाइलवर दोन्ही दिवसांपुढे आकडा एकच दिसेल. म्हणून आकड्यापेक्षा रस्त्याच्या उंचीचा आलेख पाहावा. एक मोठा डोंगर दिसला तर निश्चिंत, करवतीचे दाते दिसले तर त्या दिवसाचं अंतर खुशाल पाऊणपट करावं.

जेर्समध्ये हे दाते नेमके कुठून आले ते नकाशात छान दिसतं. पिरेनीजच्या पायथ्याच्या लानमेझां पठारावरून साव, जिमोन, आरात्स, जेर्स, बाइझ अशा नद्या पंख्याच्या काड्यांसारख्या उत्तरेकडे पसरत गेल्या आहेत. दोन नद्यांमध्ये एकेक लांबट धार उरली आहे. आता लोंबेझहून मिरांदला, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला जायचं म्हटलं की यातल्या प्रत्येक दरीत उतरायचं आणि प्रत्येक धारेवर चढायचं: सिमोरला जिमोन, मासबला जेर्स, मिरांदला बाइझ, आणि सिमोर-मासबच्या मध्ये आरात्स वेगळी. तेच उत्तर-दक्षिण निघालात तर नदीकाठाने किंवा धारेवरून मजेत जाता येतं, आणि हवा स्वच्छ असेल तर धारेवरून दक्षिणेला पिरेनीजची रांग दिसते. मुलूख तोच, फक्त दिशा बदलली की मेहनत निम्म्यावर येते. मार्ग आखताना मी तरी आधी नद्या बघतो, उंची नंतर.

मिशलँ कंपनीचा कागदी नकाशा घेतलात तर त्यावर तीव्र चढांसाठी बाणाच्या खुणा असतात: एक बाण पाच ते नऊ टक्के, दोन नऊ ते तेरा, तीन त्याच्याही वर. रस्त्याला हिरवी कड असेल तर तो निसर्गरम्य. वाहनं टाळायची असतील तर पांढरे, बारीक रस्ते शोधावेत. फक्त हे ध्यानात ठेवा की छोट्या टेकड्यांचे सगळेच चढ बाणांत सापडत नाहीत.

महाराष्ट्रातल्या रँडोनिअर मंडळींना, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला गाठणाऱ्या सायकलस्वारांना, यातलं बरंच ठाऊक आहे, कारण दर चार वर्षांनी पॅरिसजवळून ब्रिटनीतल्या ब्रेस्टपर्यंत आणि परत अशा होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सायकल मोहिमेला इथूनही स्वार जातात. 2023 चा मार्ग 1,219 किलोमीटरचा, 90 तासांची मुदत आणि बारा हजार मीटरच्या आसपास चढ. आणि सर्वांत उंच जागा? 400 मीटरच्याही आत. नॉर्मंडी-ब्रिटनीत मोठा डोंगरच नाही. खंडाळा, ताम्हिणी, वरंधा यांवरचा सराव आल्प्ससाठी उत्तम. ब्रिटनीसाठी त्यापेक्षा कोकणातला सागरी रस्ता बरा: प्रत्येक खाडीला उतरा, प्रत्येक सड्यावर चढा.

गियरच्या बाबतीत मात्र सल्ला दोन्हीकडे एकच: सर्वांत हलका गियर वाटतो त्याहून एक पायरी हलका असू द्या. सँत-एतिएनचे पॉल द व्हिव्ही ऊर्फ व्हेलोसिओ (1853–1930) आयुष्यभर बदलत्या गियरचा पुरस्कार करत राहिले. टूर द फ्रान्स शर्यतीने डिरेलर, म्हणजे साखळी सरकवून गियर बदलणारं यंत्र, चालू दिलं ते 1937 मध्ये, म्हणजे ते गेल्यावर सात वर्षांनी. सामान घेऊन फिरणाऱ्याला एकाच जड गियरवर चढण्याच्या मर्दुमकीशी काय करायचंय!

बाकी फरक व्यवहारातले. उंच घाट हिवाळ्यात बर्फाने बंद असतात, गालिबिए तर मे अखेर किंवा जूनपर्यंतही. दर 1,000 मीटरला सहा-साडेसहा अंश थंडी वाढते, म्हणून चढताना घाम आणि उतरताना हुडहुडी. जॅकेट बॅगेच्या तळाशी नको, हाताशी हवं. जुलै-ऑगस्टमध्ये नावाजलेल्या घाटांवर मोटारसायकली आणि कॅम्पर गाड्यांची रीघ असते. काही घाट ठरावीक दिवशी काही तास फक्त सायकलींसाठी मोकळे ठेवतात, त्या तारखा आधी पाहाव्यात. शांत रस्ता हाच हेतू असेल तर माझं मत टेकड्यांच्या बाजूने, कारण तिथे तासन्‌तास ट्रॅक्टरखेरीज काही भेटत नाही. पण दुकानंही भेटत नाहीत. खेड्यातली बेकरी अनेकदा सोमवारी बंद, बाकीचं गाव दुपारी बारा ते दोन जेवायला. पाणी संपलं तर गावाबाहेरचं कब्रस्तान शोधा. फुलझाडांना घालायला तिथे बहुधा नळ असतो, आणि फ्रेंच सायकलवालेही तिथेच बाटल्या भरतात. नळावर पाणी पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही ना, एवढं बघून घ्या.