फॉरमॅट मारल्यावर नेमकं काय मरतं?

चोपड्याला माझ्या भाच्याचं दुकान आहे. सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, झेरॉक्स, लग्नपत्रिका, आणि मागच्या टेबलावर कॉम्प्युटर दुरुस्ती. दिवाळीनंतर गेलो, तर त्या टेबलावर त्याचंच मशीन उघडं पडलेलं. कुठलाही पेनड्राइव्ह लावला की आतले फोल्डर नाहीसे व्हायचे आणि त्याच नावांचे शॉर्टकट उगवायचे, कोपऱ्यात तो वळलेला छोटा बाण घेऊन. बाकावर सातबाऱ्याची वाट बघत बसलेले एक केळीवाले नाना म्हणाले, "अरे भो, फॉरमॅट मारी टाक ना! कसाले डोकं लावस?"

"नाना, तीनदा मारला," भाचा म्हणाला. "परत येतो."

नानांचा सल्ला, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, बरोबर होता आणि भाच्याची तक्रारही खरी होती. मी चहा सांगितला आणि खुर्ची ओढली.

शॉर्टकटचा हा प्रकार तसा साधा आहे. फोल्डर कुठेच गेलेले नसतात. त्यांच्यावर 'लपवलेला' आणि 'सिस्टिमचा' अशा दोन खुणा मारलेल्या असतात, आणि अशा खुणा असलेल्या वस्तू विंडोज एरवी दाखवत नाही. समोर दिसणारा शॉर्टकट दोन कामं करतो. पेनड्राइव्हमध्ये दडवलेली एक स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, चालवतो आणि लगेच खरा फोल्डरही उघडून देतो. माणसाला त्याची फाइल मिळते, त्यामुळे तो पुढे काही बघतच नाही. तेवढ्यात स्क्रिप्टने कॉम्प्युटरात स्वतःची प्रत ठेवलेली असते, मशीन सुरू झालं की मलाही सुरू करा अशी नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, केलेली असते, आणि आता ती पुढच्या पेनड्राइव्हची वाट बघत बसते. पूर्वी पेनड्राइव्ह नुसता खोचला तरी ऑटोरनमुळे असल्या गोष्टी आपोआप चालायच्या. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हपुरती ती सोय काढली, आणि २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टालाही अपडेट देऊन ती बंद केली. तेव्हापासून व्हायरसला आपला एक डबलक्लिक लागतो, आणि तो आपण न मागता देतो.

मग ती स्क्रिप्ट शोधून उडवली, रजिस्ट्रीतली नोंद पुसली, खुणा काढल्या की काम झालं, नाही का? एवढा एकच पाहुणा असेल तर झालं. पण जिथे एक शिरला तिथे दुसरा शिरला नसेल हे कशावरून? सॅलिटी किंवा रॅमनिटसारखे व्हायरस वेगळी फाइल करून राहत नाहीत, ते चांगल्या प्रोग्रामांच्या फाइलींनाच चिकटतात. मग प्रिंटरचा सेटअपही तोच व्हायरस आणि कॅल्क्युलेटरही तोच. रूटकिट त्याच्याही पुढचं. डिस्कवर काय काय आहे, हे आपण विचारतो कुणाला? विंडोजला. आणि रूटकिट विंडोजच्या पोटात बसून यादीतलं स्वतःचं नाव गाळतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि मोजदादही त्यालाच करायला सांगायची!

अँटिव्हायरस जास्त हुशार झाला तर हा प्रश्न सुटेल असं वाटतं. सुटणार नाही, आणि हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. 'कॉम्प्युटर व्हायरस' या विषयावर पहिलं शास्त्रीय संशोधन करणाऱ्या फ्रेड कोहेन यांनी १९८४ च्या निबंधात एक गमतीदार युक्तिवाद मांडला. समजा, कुठलाही प्रोग्राम व्हायरस आहे की नाही हे कधीही न चुकता सांगणारा एक तपासनीस आहे. आता मी असा प्रोग्राम लिहितो, जो आधी त्याच तपासनीसाला विचारतो, "मी व्हायरस आहे का?" तो "हो" म्हणाला तर प्रोग्राम गुपचूप बसतो. "नाही" म्हणाला तर पसरायला लागतो. तपासनीस काहीही म्हणाला तरी खोटा पडतो, म्हणजे असा तपासनीस असूच शकत नाही. अँटिव्हायरस निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे, तो पुष्कळ काही पकडतो. पण एकदा बिघडलेल्या मशीनला "आता पूर्ण साफ आहेस" असा दाखला त्याला देता येत नाही.

नवीन विंडोज टाकण्यातली खरी मेख इथे आहे. कोणती फाइल चांगली आणि कोणती वाईट, हा प्रश्नच आपण सोडून देतो. डिस्कवरच्या सगळ्यांवर अविश्वास दाखवायचा आणि बाहेरून आणलेल्या, खात्रीच्या प्रतीपासून सुरुवात करायची.

हे नानांना मला समजावून सांगावं लागलं नाही, उलट त्यांनीच मला सांगितलं. केळीवर सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस आला की आपल्याकडे त्याला हरण्या रोग म्हणतात. पानावर पिवळे पट्टे दिसले की त्या झाडाला औषध नाही. बुरशीवर फवारणी चालते, किडीवर चालते, पण झाडाच्या पेशीत शिरलेला विषाणू बाहेर काढणारं काहीच बाजारात मिळत नाही. झाड कंदासकट उपटायचं, लांब नेऊन नष्ट करायचं. आणि नवी लागवड? ती त्याच बागेतल्या कंदांपासून करायची नाही, कारण कंदातून रोग पुढे जातो. विषाणूची तपासणी केलेल्या मातृवृक्षापासून बनवलेली टिश्यू कल्चरची रोपं आणायची. "आन बांधवरला भोपळा, काकडी बी काढनी पडस," नाना म्हणाले. हा विषाणू शेकडो जातींच्या वनस्पतींवर राहतो. मावा नावाची कीड तिथून तो उचलते आणि नव्या रोपावर नेऊन टाकते, आणि उचलायला तिला मिनिटभरही लागत नाही.

टिश्यू कल्चरच्या रोपाच्या जागी आपल्याकडे काय? मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून, दुसऱ्या निरोगी कॉम्प्युटरवर, किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर उतरवलेलं विंडोज. अशा फाइलीची तपासणीही करता येते. तिच्यावर ठरावीक गणित चालवलं की ६४ अक्षरांचा एक ठसा निघतो. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो, त्यामुळे कंपनीने जाहीर केलेल्या ठशाशी तो ताडून बघता येतो. 'मित्राकडचं विंडोज' म्हणून हातोहाती फिरणारा पेनड्राइव्ह म्हणजे शेजाऱ्याच्या बागेतला कंद. चांगला निघेलही, पण सांगता येत नाही.

आता प्रत्यक्षात काय घडतं ते बघू. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की हार्डडिस्कवरचं आजारी विंडोज जागंच होत नाही. पेनड्राइव्हवरची छोटी, स्वतंत्र सिस्टिम चालते आणि डिस्क तिच्यापुढे नुसत्या मालासारखी पडून राहते. रूटकिटची सगळी लबाडी ते चालू असेल तरच चालते. म्हणून चालू विंडोजमध्ये बसून दुरुस्ती करण्यापेक्षा बाहेरून सुरुवात करणं केव्हाही बरं. विंडोजमध्येच 'रीसेट'ची सोय असते, सोपी आहे, पण 'माझ्या फाइली ठेवा' हा पर्याय निवडला तर नको तेही जपलं जाऊ शकतं. व्हायरसच्या संशयात मी ती वापरत नाही. पडद्यावर विभागांची यादी आली की जुने विभाग पुसून नवे करायचे.

पुसायचे म्हणजे काय, हे मात्र बहुतेकांना माहीत नसतं. क्विक फॉरमॅट डिस्कवरचा मजकूर खोडत नाही. तो नुसती नवी, कोरी अनुक्रमणिका बनवतो. जाड पुस्तकाच्या अनुक्रमणिकेची पानं फाडावीत आणि बाकीची पानं तशीच राहावीत, तसं. तुमचे फोटो, हिशेब आणि तो व्हायरससुद्धा, सगळे बिट हार्डडिस्कवर जिथल्या तिथे असतात आणि नवा मजकूर वर लिहिला जाईपर्यंत राहतात. चुकून फॉरमॅट झालेल्या डिस्कमधून लग्नाचे फोटो परत काढून देतात ते याच जोरावर. (एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, ही आशा धरू नये. फॉरमॅट होताच या जागा आता मोकळ्या आहेत असं विंडोज तिला कळवतं आणि ती आतून साफ करून टाकते.)

मग व्हायरस मेला की नाही? मेला नाही, पण त्याला हाक मारणारं कुणी उरलं नाही. व्हायरस हा शेवटी मजकूरच असतो. प्रोसेसरने तो वाचून त्यातल्या आज्ञा पाळल्या तरच तो काही करतो. रजिस्ट्रीतली नोंद गेली, फाइलीचं नाव गेलं, मग तिथे आकडे उरले, नुसते पडलेले. पानावर लिहिलेली शिवी तोवर कुणाला लागत नाही, जोवर ती कुणी वाचत नाही.

एवढं पक्कं काम असूनही भाच्याकडे तो तीनदा परत आला कसा? मी एकेक वेळ त्याला आठवायला लावली.

पहिल्या वेळी त्याने सगळा डेटा पेनड्राइव्हवर काढला, विंडोज टाकलं, पेनड्राइव्ह लावला, समोर 'दुकान' नावाचा फोल्डर दिसला आणि डबलक्लिक केलं. तो फोल्डर नव्हता. बॅकअप आजारी मशीनवर घेतला, तेव्हाच पेनड्राइव्हवर शॉर्टकट तयार झाला होता.

दुसऱ्या वेळी तो सावध होता. पण विंडोज अॅक्टिव्हेट करायला त्याने नेहमीचा क्रॅक, म्हणजे परवान्याला बगल देणारा प्रोग्राम, चालवला, आणि त्याआधी, क्रॅकच्या सूचनेप्रमाणे, अँटिव्हायरस बंद केला. अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम, सगळे अधिकार देऊन, पहारेकऱ्याला सुट्टी देऊन! स्टॉप नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, जगभर मुख्यतः अशाच क्रॅकमधून पसरला. गंमत म्हणजे त्याच्या मशीनला मुळात परवाना होता. विंडोज १० पासून परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, इंटरनेट जोडलं की तो आपोआप ओळखला जातो. हे त्याला माहीतच नव्हतं.

तिसऱ्या वेळी डी ड्राइव्ह. आपल्याकडे ही जवळजवळ श्रद्धाच आहे की सी फॉरमॅट करायचा आणि डी सुरक्षित असतो. खरं आहे, सुरक्षित असतो, डेटाही आणि व्हायरसही. त्याच्या डीवर 'सॉफ्टवेअर' नावाचा फोल्डर होता, पाच-सहा वर्षांत साठलेले सेटअप. त्यातला स्कॅनरचा सेटअप चालवला आणि रामायण पुन्हा सुरू झालं. दुसरीकडे खरा जपण्यासारखा डेटा कित्येकदा सीवरच असतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या कंपन्यांचे १०००० सारख्या आकड्यांच्या नावांचे फोल्डर सीवर राहून जातात, डेस्कटॉप आणि डाउनलोड तर सीवरच असतात. एका आडत्याचं वर्षाचं खातं असं गेलेलं मी पाहिलं आहे, फॉरमॅट मारणाऱ्याने "डेटा डीवर आहे ना?" एवढंच विचारलं होतं.

तेव्हा बॅकअपमध्ये काय न्यायचं आणि काय टाकायचं, एवढाच खरा कौशल्याचा भाग आहे. फोटो, पीडीएफ, टॅलीचा डेटा, साध्या वर्ड-एक्सेल फाइली न्याव्यात. सेटअप, स्क्रिप्ट, शॉर्टकट, ईएक्सई (म्हणजे चालणारा प्रोग्राम) काहीही असो, तिथेच सोडावं, ते कंपनीकडून नव्याने उतरवता येतं. फाइलींची पूर्ण नावं दिसतील अशी सोय आधी चालू करावी, नाहीतर 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' तुम्हाला नुसतं बिल म्हणून दिसतं. आणि बॅकअप आजारी विंडोज चालू असताना न घेता, डिस्क बाहेरून सुरू केलेल्या सिस्टिमवरून घ्यावा.

फॉरमॅटलाही न जुमानणारे व्हायरस आहेत, पण विरळा. १९९८ चा सीआयएच मदरबोर्डवरच्या बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, चिपवरच कचरा लिहायचा, त्याने २६ एप्रिल १९९९ ला पुष्कळ मशीनं बंद पाडली. २०१८ मध्ये सापडलेला लोजॅक्स तर त्याच चिपमध्ये राहायचा, हार्डडिस्क बदलली तरी परत यायचा. लोजॅक्ससारखी हत्यारं सरकारी कचेऱ्यांवर नेम धरून वापरतात, चोपड्यातल्या झेरॉक्सच्या दुकानावर कुणी खर्च करत नाही. त्याहून नेहमीची गोष्ट म्हणजे चोरीला गेलेला पासवर्ड फॉरमॅटने परत येत नाही, तो मोबाइलवरून आधी बदलावा. ब्राउझरमध्ये लॉगिन केलं की जुनी खोडकर एक्स्टेन्शनही सिंकमधून हजर होते. आणि रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या असतील तर घाईने फॉरमॅट मारू नये. ती डिस्क तशीच बाजूला ठेवावी, काही जातींच्या किल्ल्या पुढे मोफत उपलब्ध झालेल्या आहेत.

चौथा फॉरमॅट आम्ही दोघांनी मिळून मारला, डीसकट. संध्याकाळी सात वाजता विंडोज उठलं, परवाना आपोआप लागला, पेनड्राइव्ह स्वच्छ. भाच्याने खुशीत एका लग्नपत्रिकेची फाइल उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, सगळा कचरा.

"मामा, परत आला!"

आला नव्हता. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या यादीत, 'क'ला स्वतःचा आकडा आहे, २३२५. जुन्या डीटीपीच्या फॉन्टांत तसं नसतं. तिथे फाइलीत इंग्रजी अक्षराचाच आकडा लिहिलेला असतो आणि फॉन्ट त्या आकड्यावर मराठी चित्र दाखवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला, खालचं इंग्रजी उघडं पडलं. फॉन्ट विंडोजबरोबर पुसला गेला होता आणि त्याचा सेटअप डीवर होता, म्हणजे आता कुठेच नव्हता. शेजारच्या प्रेसमधून नुसती फॉन्टची फाइल मागून आणली. (फॉन्टही अगदी सोवळा नसतो. २०११ मध्ये डुकू नावाचा किडा विंडोजच्या फॉन्ट वाचण्याच्या चुकीतून शिरला होता. ती चूक केव्हाच दुरुस्त झाली.)

फाइल बंद करून पुन्हा उघडली. वर गणपती आला, खाली चि. आणि चि. सौ. कां. आले, मग वऱ्हाडाच्या बसची वेळ. नाना अजून बसलेलेच होते. पुढे वाकून त्यांनी पत्रिका वाचली आणि म्हणाले, "हाई तं मना मोठा पोर्‍यानं लगीन शे. आते धाकलानं नाव टाक, आन तारीख मी उद्या सांगस."