देणगीच्या एका डॉलरमागे किती टन?

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात १९८०च्या दशकाच्या अखेरीस एईएस ही कंपनी कोळशावर चालणारं वीजकेंद्र उभारत होती. त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची भरपाई म्हणून तिने ग्वाटेमालात शेतकऱ्यांकडून सुमारे ५ कोटी झाडं लावून घेण्याच्या प्रकल्पाला पैसे दिले. प्रकल्प निवडायला वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने मदत केली आणि प्रत्यक्ष काम केअर या संस्थेने पाहिलं. धूर एका देशात, झाडं दुसऱ्या देशात आणि जमाखर्च कार्बनच्या टनांत, अशा प्रकारचा हा पहिला व्यवहार मानला जातो. पुढे मूल्यमापन झालं तेव्हा झाडांनी शोषलेला कार्बन ठरवलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी भरला. हवामान बदल रोखण्यासाठी देणगी कुठे द्यावी, याचा आज जो काथ्याकूट चालतो, त्याचं मूळ अशा हिशेबात आहे.

सामान्य देणगीदार मात्र बराच काळ टनांच्या वाटेला गेलाच नाही. त्याला जाणून घ्यायचं असे ते एवढंच, की दिलेल्या पैशातला किती पैसा पगार आणि ऑफिसात मुरतो. २००१ साली सुरू झालेल्या, संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या चॅरिटी नेव्हिगेटरने संस्थांना तारे देताना याच प्रमाणाला मोठं वजन दिलं. निरुपयोगी काम अत्यंत काटकसरीने करणारी संस्थासुद्धा या मापात अव्वल ठरते, हे उघड होतं. तरी ते जाहीरपणे कबूल व्हायला २०१३ उजाडलं. त्या वर्षी चॅरिटी नेव्हिगेटरसह तीन मूल्यमापन संस्थांनी देणगीदारांना खुलं पत्र लिहून सांगितलं, की निव्वळ प्रशासकीय खर्चावरून संस्थेची पारख करू नका.

तोवर दुसरा प्रवाह जोर धरू लागला होता. २००७ साली होल्डन कार्नोफ्स्की आणि एली हॅसनफेल्ड या हेज फंडात काम केलेल्या दोघांनी गिव्हवेल सुरू केली. २००९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये टोबी ऑर्ड आणि विल्यम मॅकअ‍ॅस्किल यांनी ‘गिव्हिंग व्हॉट वुई कॅन’ काढली. तेवढ्याच पैशात कोण जास्त जीव वाचवतं, हा त्यांचा प्रश्न. मलेरियाच्या मच्छरदाण्यांबाबत त्याचं उत्तर मिळवता येतं: काही गावांत वाटायच्या, काहींत नाही आणि फरक मोजायचा. हवामानाचं तसं करता येत नाही. तुलनेसाठी दुसरी पृथ्वी कुठून आणणार?

तरीही टन मोजता येतात, म्हणून पहिली पसंती जंगलांना मिळाली. कूल अर्थ ही संस्था २००७ मध्ये ब्रिटनमध्ये योहान एलियाश आणि खासदार फ्रँक फील्ड यांनी स्थापन केली. पर्जन्यवनांतल्या स्थानिक समूहांना आधार देऊन तोड थांबवायची, असं तिचं काम. ‘गिव्हिंग व्हॉट वुई कॅन’ने तिची शिफारस केली, २०१५ साली मॅकअ‍ॅस्किल यांनी आपल्या पुस्तकातही केली. एक टन कार्बन रोखण्याचा खर्च इतका कमी दिसत होता, की बाकीचे पर्याय महाग वाटावेत.

पण जंगलाच्या हिशेबात तीन भोकं असतात. तुम्ही पैसे दिले नसते तर ते जंगल खरंच तोडलं गेलं असतं का? इथे थांबलेली कुऱ्हाड शेजारच्या डोंगरावर चालू झाली नाही ना? आणि २० वर्षांनी वणवा लागला तर? कमी खर्चाचा आकडा या तिन्हींच्या उत्तरांवर उभा असतो आणि ती उत्तरं अंदाजाची असतात. जानेवारी २०२३ मध्ये गार्डियन, डी त्साइट आणि सोर्समटेरियल यांनी मिळून व्हेरा या मोठ्या प्रमाणन संस्थेची जंगल-क्रेडिट्स, म्हणजे जंगल वाचवून रोखलेल्या कार्बनच्या विकल्या जाणाऱ्या पावत्या, तपासली आणि त्यांतली ९० टक्क्यांहून जास्त पोकळ असल्याचं छापलं. व्हेराने हा निष्कर्ष मान्य केला नाही. कूल अर्थचा या क्रेडिट्सशी संबंध नव्हता, पण टनाच्या भावावरचा विश्वास एकूणच उडत चालला होता.

त्याआधीच, २०१८ मध्ये, देणगी कुठे द्यावी याचा सल्ला देणाऱ्या फाउंडर्स प्लेज या संस्थेने एक अहवाल काढला होता. त्यात शिफारस दोन संस्थांची होती: क्लीन एअर टास्क फोर्स आणि कोअ‍ॅलिशन फॉर रेनफॉरेस्ट नेशन्स. दोन्ही झाडं लावत नाहीत. पहिली १९९६ पासून अमेरिकेतल्या कोळसा केंद्रांच्या प्रदूषणावर कायदेशीर आणि तांत्रिक पाठपुरावा करत आली. दुसरीने जंगलतोड टाळण्याला आंतरराष्ट्रीय करारात जागा मिळवून द्यायचा प्रयत्न केला. पापुआ न्यू गिनी आणि कोस्टारिका यांनी तो विषय २००५ च्या माँट्रियल परिषदेत मांडला होता. युक्तिवाद असा, की देणगीचा डॉलर थेट टनावर खर्च करण्यापेक्षा सरकारचे हजारो डॉलर ज्या कायद्याने वळतात, त्या कायद्यावर खर्च करावा.

युक्तिवाद जुनाच होता आणि एकदा जोरात आपटलाही होता. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बड्या फाउंडेशन्सच्या पैशावर क्लायमेटवर्क्स ही हवामानाच्या कामाला निधी पुरवणारी संस्था उभी राहिली. त्याच काळात उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या विधेयकामागे अनेक पर्यावरण संस्थांनी ताकद लावली. जून २००९ मध्ये ते प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी पार झालं आणि २०१० मध्ये सिनेटमध्ये मतदानाला न येताच बारगळलं. वॉशिंग्टनमधल्या बंद खोल्यांतल्या वाटाघाटींवर भिस्त आणि लोकांमध्ये पाय नाहीत, असं निदान समाजशास्त्रज्ञ थेडा स्कॉचपोल यांनी २०१३ मध्ये केलं.

हा तंटा पुढच्या याद्यांतही उतरला. हवामानासाठी देणगी कुठे द्यावी हे सुचवणाऱ्या आणि २०१९ मध्ये स्थापन झालेल्या गिव्हिंग ग्रीनने सुरुवातीला क्लीन एअर टास्क फोर्सबरोबर सनराइज या तरुणांच्या आंदोलनाच्या शैक्षणिक निधीचंही नाव घेतलं. बंद खोलीतला वकील आणि रस्त्यावरची पोरं एकाच यादीत! रस्त्यावरच्या दबावाचा हिशेब कसा मांडणार, अशी टीका झाली आणि काही काळाने ते नाव गळालं. माझ्या मते यात थोडा अन्याय होता, कारण वकिलाच्या टनांचा आकडासुद्धा अनुमानाचाच.

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट झाला. ऊर्जा आणि हवामानासाठी त्यात अंदाजे ३६९ अब्ज डॉलर होते आणि धोरणावर पैसे लावणाऱ्यांना आपलं गणित बरोबर आल्यासारखं वाटलं. जुलै २०२५ मध्ये नव्या कायद्याने पवन आणि सौर ऊर्जेच्या सवलतींना मुदतीआधीच कात्री लावली. कार्बन पकडून साठवण्यासाठीची ‘४५ क्यू’ ही करसवलत मात्र टिकली. याच सवलतीच्या २०१८ च्या विस्तारासाठी क्लीन एअर टास्क फोर्सने काम केलं होतं. टिकलेल्या सवलतीतले किती टन तिच्या नावे लिहायचे आणि किती तेल कंपन्यांच्या वजनाच्या, यावर विश्लेषकांचं अजून एकमत नाही.