औषध तेच, मात्रा पाचपट

२०२१च्या मे-जूनमध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या आजाराच्या) रुग्णांचे नातेवाईक महाराष्ट्रभर एका इंजेक्शनसाठी धावत होते : लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी. वॉर्डात रोज टोचलं जाणारं ते नॅनोतंत्रज्ञानच होतं.

अँफोटेरिसिन बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉल या स्निग्ध घटकाला चिकटतं आणि पटलाला भोकं पाडतं. आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल रचनेने अर्गोस्टेरॉलच्या जवळचं, म्हणून थोडा मार आपल्यालाही बसतो, मूत्रपिंडांना विशेष. साधं इंजेक्शन चालू असताना रुग्ण थंडीतापाने कुडकुडतो. यावर तोडगा म्हणजे औषध लायपोसोम या सूक्ष्म स्निग्ध गोळ्यात बसवणं. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकारात हा गोळा १०० नॅनोमीटरहूनही (मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही) लहान असतो. बुरशी गाठेपर्यंत औषध बरंचसं त्यातच राहतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी १९९३ साली देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन विकसित केलं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

पण गोळ्यात बसवलं की औषधाची वागणूक बदलते, आणि इथे सगळी भिस्त सिस्टरवर येते. म्युकरमध्ये लायपोसोमल प्रकार दिवसाला किलोमागे साधारण ५ मिलिग्रॅम देतात, साधा प्रकार जेमतेम १ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला एकात ३०० मिलिग्रॅम, दुसऱ्यात ६०. नाव वाचून ३०० मिलिग्रॅम साधं औषध चढवलं, तर हृदय बंद पडू शकतं.

सलाइनचाही असाच प्रश्न. पावडरच्या कुपीतलं लायपोसोमल औषध आधी स्टराइल वॉटरमध्ये विरघळवून मग ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच (साखरेच्या द्रावणातच) मिसळावं लागतं. सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, लागलं की साका बसतो. केईएमचा देशी प्रकार मात्र सलाइनमध्येच येतो आणि देण्याआधी अल्ट्रासाउंड लहरींनी ढवळणाऱ्या यंत्रात पाऊण तास ठेवावा लागतो. दोन्हींच्या चिठ्ठीवर शब्द एकच : लायपोसोमल. कर्करोगाच्या वॉर्डात डॉक्सोरुबिसिनचीही साधी आणि लायपोसोमल अशी दोन रूपं आहेत, आणि तीही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

म्हणून चिठ्ठीवर औषधाचं नाव, प्रकार आणि किलोमागची मात्रा, तिन्ही लिहिलेली असावीत, आणि नसतील तर डॉक्टरांना थांबवून विचारण्याचा सिस्टरचा हक्क रुग्णालयाने लेखी मान्य करावा, असं मला ठामपणे वाटतं. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात नॅनो-औषधांचा तास हवाच. शिवाय लायपोसोम मूत्रपिंडांचा त्रास कमी करतो, संपवत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा घटक) व पोटॅशियम आणि लघवीचं माप रोज पाहावंच लागतं.