न्यूट्रॉन संशोधन केंद्राचे नेतृत्व

न्यूट्रॉनचा प्रखर स्रोत आणि त्याभोवतीची मोजमापाची उपकरणे मिळून जे केंद्र बनते, त्याची धुरा सांभाळणे हा भौतिकशास्त्रातील कारकिर्दीचा एक वेगळा टप्पा आहे. अशा केंद्राचा प्रमुख बहुधा आयुष्याचा पूर्वार्ध स्वतः मोजमापे घेण्यात घालवतो आणि उत्तरार्ध इतरांना ती घेता यावीत म्हणून खपतो.

न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, पण चुंबकीय आघूर्ण आहे, म्हणजे तो एखाद्या इवल्या चुंबकासारखा वागतो. म्हणून तो पदार्थात खोल शिरतो आणि अणूंचे चुंबकत्वही दाखवतो. गोव्यातल्या डिचोली-सांगे पट्ट्यातल्या लोहखनिजाचेच उदाहरण घ्या. त्यातला मुख्य घटक हेमॅटाइट, म्हणजे लोहाचे ऑक्साइड. क्लिफर्ड शल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओक रिज येथे न्यूट्रॉन विवर्तन (नमुन्यावरून विखुरलेल्या न्यूट्रॉनवरून त्याची रचना ओळखण्याची पद्धत) वापरून १९५१ साली दाखवले की त्यातील लोहअणूंची चुंबकत्वे एकाआड एक थरांत विरुद्ध दिशांना असतात. गोव्यात ज्या लाल मातीने घरांचे कठडे माखत, तिच्या पोटातली ही रचना साध्या क्ष-किरण विवर्तनाला दिसत नाही. शल यांना बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्यासह १९९४ चे नोबेल मिळाले.

ब्रॉकहाउस यांच्याबरोबर कॅनडात चॉक रिव्हर येथे काम केलेले पी. के. अय्यंगार १९८४ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले. आधी मोजमापे, मग नेतृत्व अशा कारकिर्दीचा भारतीय नमुना म्हणजे तेच. या केंद्राची तुर्भे (मुंबई) येथील, न्यूट्रॉन पुरवणारी १०० मेगावॉटची ध्रुव अणुभट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये कार्यान्वित झाली, परंतु शीतकाच्या (भट्टी थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) प्रवाहामुळे इंधनकांड्या थरथरू लागल्या. इंधनाची बैठक सुधारून पूर्ण शक्ती गाठायला १९८८ उजाडले. प्रमुखाचा कस अशाच काळात लागतो. ध्रुवच्या आराखड्यात व उभारणीत मोठा वाटा असलेले अनिल काकोडकर हे यंत्र अभियंते. गोवा मुक्तिलढ्यातील पुरुषोत्तम काकोडकर यांचे ते पुत्र. असे केंद्र एकट्या भौतिकशास्त्रज्ञाच्या बळावर उभे राहत नाही, हे त्यांच्या कामावरून दिसते.

परदेशात भौतिकशास्त्रज्ञ थॉम मेसन यांनी ओक रिजच्या स्पॅलेशन स्रोताच्या (वेगवान प्रोटॉन जड धातूवर आदळून न्यूट्रॉन मिळवणाऱ्या यंत्रणेच्या) उभारणीची सूत्रे सांभाळली. तेथे पहिले न्यूट्रॉन २००६ मध्ये मिळाले. पुढे ते त्या संपूर्ण प्रयोगशाळेचे आणि नंतर अमेरिकेतीलच लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे संचालक झाले. हेल्मुट शोबर २०१६ ते २०२१ फ्रान्समधील ग्रनोबलच्या लाउए-लँजव्हँ या न्यूट्रॉन संशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्यानंतर ते स्वीडनमधील लुंड येथील युरोपीय स्पॅलेशन स्रोताकडे गेले.

प्रमुखाचे रोजचे काम मात्र बीमटाइमभोवती, म्हणजे संशोधकांना न्यूट्रॉन वापरायला मिळणाऱ्या वेळेभोवती फिरते. उपलब्ध दिवसांपेक्षा अर्ज नेहमीच जास्त असतात. तज्ज्ञ समिती प्रस्ताव निवडते, आणि जाहीर केलेल्या दिवशी स्रोत चालू ठेवण्याची जबाबदारी प्रमुखावर येते. भट्टी बंद पडली तर दूरवरून नमुने घेऊन आलेला संशोधक रिकाम्या हाती परततो. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठासारख्या, स्वतःचा स्रोत नसलेल्या विद्यापीठांना हे विशेष जाणवते. त्यांच्या संशोधकांसाठी यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग) वैज्ञानिक संशोधन संघाच्या मुंबई केंद्रामार्फत ध्रुवचे दार उघडते.