ह्यूस्टनच्या ओझोनचा वाद: ९० टक्के की ८०?

जमिनीलगतच्या हवेत ओझोन हा घातक प्रदूषक असतो; नायट्रोजन ऑक्साइड्स आणि हायड्रोकार्बन हे वायू सूर्यप्रकाशात एकत्र आले, की तो तयार होतो. अमेरिकेत ओझोन म्हणजे लॉस एंजेलिस आणि तिथल्या मोटारी, असं समीकरण १९५०च्या दशकापासून पक्कं होतं. १९९९मध्ये ते मोडलं. ओझोनची मर्यादा ओलांडणारे दिवस त्या वर्षी टेक्सस राज्यातल्या ह्यूस्टनमध्ये जास्त भरले. टेक्ससचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश तेव्हा अध्यक्षपदाच्या शर्यतीत असल्याने बातमी देशभर गाजली.

ह्यूस्टनचं दुखणं वेगळं आहे, हे मोजणी केंद्रांच्या नोंदींत दिसत होतंच. एखाद्याच केंद्रावर तासाभरात ओझोन ४० पीपीबीहून (हवेच्या अब्ज भागांत ४० भाग) जास्त उसळायचा आणि शेजारचं केंद्र शांत असायचं. शहरभर पसरलेल्या मोटारींच्या धुरातून असा टोकदार सुळका येत नाही. संशय अर्थातच ह्यूस्टनला समुद्राशी जोडणाऱ्या जहाजांच्या कालव्याकडे वळला. हा कालवा १९१४मध्ये खुला झाला, काठावर रिफायनऱ्या आल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या कृत्रिम रबराच्या मागणीने त्यांच्या शेजारी पेट्रोकेमिकल कारखाने उभे केले. त्यात सकाळी खाडीवर गेलेली हवा दुपारी समुद्रवाऱ्याबरोबर शहरात परतते.

डिसेंबर २०००मध्ये राज्याने आराखडा मंजूर केला: उद्योगांच्या नायट्रोजन ऑक्साइड्समध्ये सुमारे ९० टक्के कपात. त्याच आराखड्यात आठ काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा होती आणि व्यावसायिक गवतकापणी यंत्रांवर सकाळची बंदीही होती. लोकांची चेष्टा या दोन गोष्टींच्या वाट्याला आली, पण खरी लढाई ९०च्या आकड्यावर झाली. इतकी कपात तांत्रिकदृष्ट्या जमणार नाही, असं म्हणत उद्योगांची आघाडी २००१मध्ये कोर्टात गेली. तडजोड अशी झाली, की ओझोन इतक्या झपाट्याने का वाढतो याची शास्त्रीय तपासणी करायची आणि तेवढाच फायदा दुसरे वायू रोखूनही मिळतो असा पुरावा मिळाला तर ९०चे ८० करायचे.

पुरावा बराचसा आधीच गोळा झाला होता. ऑगस्ट-सप्टेंबर २०००मध्ये संशोधकांची विमानं धुराच्या लोटांतून फिरली होती. वीजकेंद्राच्या लोटात नायट्रोजन ऑक्साइड्स भरपूर, हायड्रोकार्बन नगण्य. असा लोट चिमणीजवळ उलट ओझोन खातो आणि पुढे वाऱ्याबरोबर जाताना सावकाश तयार करतो. कालव्याकाठच्या लोटांत मात्र नायट्रोजन ऑक्साइड्सच्या जोडीला इथिलीन आणि प्रोपिलीन हे झटपट अभिक्रिया करणारे हायड्रोकार्बन होते. तिथे तास-दोन तासांतच ओझोन २०० पीपीबीच्या वर गेला. एका तासासाठीची तेव्हाची मर्यादा १२० होती.

त्याहून अडचणीची गोष्ट पुढेच होती. हवेत मोजलेलं हे वायू-प्रमाण कारखान्यांनी दाखवलेल्या आकड्यांशी जुळेना. प्रोपिलीनसारख्या वायूंचा फरक दहापट ते शंभरपट निघाला. दाखवलेले आकडे मुख्यतः सूत्रांवरून काढलेले असतात: इतके व्हॉल्व्ह म्हणजे इतकी गळती, फ्लेअरमध्ये (नको असलेला वायू जाळून टाकणाऱ्या चिमणीत) वायूचा जवळजवळ सगळा भाग जळतो, वगैरे.

डिसेंबर २००२मध्ये ९०चे ८० झाले आणि बदल्यात इथिलीन, प्रोपिलीन, ब्युटाडाईन व ब्युटीन यांच्यावर नियंत्रण आलं. पुढे तासाला १,२०० पौंडांची कमाल मर्यादाही घातली गेली. पर्यावरणवाद्यांनी याला माघार म्हटलं, उद्योगांनी विज्ञानाचा विजय. वायूंची निवड बरोबर होती, यात मला शंका नाही. पण ज्यांच्या आकड्यांत इतकी तूट सापडली, त्यांनाच दहा टक्क्यांची सूट मिळाली, हे विसरून या निर्णयाचं कौतुक करता येत नाही. अपुऱ्या नोंदींची झळ कोणाला बसली नाही. उलट त्या नोंदी चुकल्याचा शोधच सवलतीचा आधार बनला.

२००६च्या मोजणीत इथिलीनमध्ये काहीशी घट दिसली, तरी हवेतलं प्रमाण नोंदींच्या दहापटीच्या आसपासच होतं. २०१०च्या फ्लेअर चाचण्यांनी एक कारण पुढे आणलं. धूर काळा दिसू नये म्हणून ज्वाळेत वाफ सोडतात. वायूचा प्रवाह कमी असताना वाफ जास्त झाली, की ज्वलन अर्धवट राहतं आणि न जळलेला वायू तसाच हवेत जातो. काळा धूर नाही म्हणजे फ्लेअर ठीक, असं पाहणाऱ्याला वाटत राहतं.

दरम्यान मोजपट्टीही बदलली. आता आठ तासांच्या सरासरीचा निकष आहे, २०१५पासून ७० पीपीबी. ह्यूस्टन परिसर तो अजून पाळू शकलेला नाही.