पोस्ट कॅप्टन

शिडाच्या जहाजांच्या काळात ब्रिटिश शाही नौदलात वीस किंवा त्याहून अधिक तोफांच्या जहाजाचे प्रमुखपद ज्याला रीतसर नेमणुकीने मिळे, त्या अधिकाऱ्याचा हुद्दा. लहान जहाजावरच्या कमांडरलाही खलाशी ‘कॅप्टन’च म्हणत, त्यामुळे हा फरक बोलण्यात कळत नसे. १७९५ पासून तो खांद्यावर दिसू लागला : तीन वर्षे झालेल्या पोस्ट कॅप्टनला सोनेरी झालरीचे दोन खांदेपट्टे, नव्याला उजवीकडे एक आणि कमांडरला डावीकडे एक.

या हुद्द्याची वाट पोरवयातच सुरू होई. बारा-तेरा वर्षांचा मुलगा बहुधा नात्यातल्या कॅप्टनच्या जहाजावर चढे आणि सहा वर्षे समुद्रावर काढून लेफ्टनंटपदाची तोंडी परीक्षा देई. त्यासाठी विसाव्या वर्षाची अट होती. ती कितपत पाळली जाई, हा प्रश्नच आहे. पुढे ॲडमिरल म्हणून नावाजलेला होरेशिओ नेल्सन १७७७ मध्ये अठराव्या वर्षीच उत्तीर्ण झाला आणि त्याचा मामा मॉरिस सकलिंग तेव्हा नौदलाचा कंट्रोलर, म्हणजे नौदल मंडळाचा प्रमुख, होता.

पोस्ट कॅप्टन होईपर्यंत वशिला, शौर्य आणि नशीब या तिन्हींचा उपयोग होई. झाल्यावर मात्र पुढची बढती निव्वळ ज्येष्ठता यादीवर, म्हणजे पोस्ट कॅप्टन झाल्याच्या तारखेवर, अवलंबून राही. वरचे निवृत्त झाले किंवा वारले की खालचे सरकत. नकोसा कॅप्टन यादीच्या वरच्या टोकाला पोचलाच, तर १७४७ पासून त्याला ताफ्याविना ॲडमिरल करून घरी बसवत. ताफे तांबडा, पांढरा आणि निळा असे तीनच असल्याने अशांना थट्टेने ‘पिवळे ॲडमिरल’ म्हणत. शांततेच्या काळात जहाजे कमी पडत आणि चांगल्या कॅप्टनलाही निम्म्या पगारावर दिवस काढावे लागत. खुद्द नेल्सनने नॉरफकमधील बर्नम थॉर्प या गावी पाच वर्षे अशीच काढली.

यादीचा महिमा नेल्सन आणि त्याचा मित्र कथबर्ट कॉलिंगवुड यांच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. कॉलिंगवुड दहा वर्षांनी मोठा आणि १७६१ पासून समुद्रावर असलेला. पण नेल्सन १७७९ मध्ये, विसाव्या वर्षी, ‘हिंचिनब्रुक’चा पोस्ट कॅप्टन झाला आणि पुढच्या वर्षी त्याने सोडलेले तेच जहाज कॉलिंगवुडला मिळाले. हे अंतर पुढे कधीच भरून निघाले नाही. नेल्सन १७९७ मध्ये रिअर ॲडमिरल (ॲडमिरलांतील पहिली पायरी) झाला, कॉलिंगवुड १७९९ मध्ये. आणि २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफॅल्गरच्या आरमारी लढाईत वयाने थोरला असलेला कॉलिंगवुड नेल्सनच्या हाताखाली दुसऱ्या रांगेचे नेतृत्व करत होता. त्या दिवशी नेल्सन मारला गेल्यावर ताफ्याची सूत्रे त्याच्याकडे आली.