रस्त्यावरचं कुत्रं घरी आणताय? आधी कोणता कागद, मग कोणता

ठिपकी घरी आली तेव्हा अंदाजे चार महिन्यांची होती आणि तिच्या नावावर एकच कागद होता, लसीची वही. तेवढ्यावर मी महापालिकेच्या श्वानपरवान्याचा ऑनलाइन अर्ज भरला. आठवड्याने तो परत आला. वहीत मालकाच्या रकान्यात तिला गटारातून बाहेर काढणाऱ्या ताईंचं नाव होतं आणि अर्ज माझ्या नावाने. चूक माझीच होती. पण त्या निमित्ताने ही सगळी कागदपत्रं कोणत्या क्रमाने करायची ते कळलं.

दत्तक घेणं आणि परवाना काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दत्तकाचा कागद तुमच्यात आणि कुत्रं देणाऱ्या संस्थेत (किंवा महापालिकेत) होतो. परवाना महापालिका देते आणि तो दरवेळी मुदत संपली की नव्याने घ्यावा लागतो. संस्थेचा फॉर्म भरला म्हणजे परवाना झाला, असा समज फार जणांचा असतो.

दत्तक कोणाला मिळतं

अर्जदार सज्ञान हवा, एवढं उघड आहे. त्यापुढे संस्था बघतात ते घर. सगळ्यांना कुत्रं हवंय का, दिवसभर घरी कोण असतं, गॅलरीला जाळी आहे का, आधी पाळलेल्या जनावराचं काय झालं, असे प्रश्न येतात. शेवटच्या प्रश्नाचा राग येऊ देऊ नका, तो सगळ्यांना विचारतात. काही जण घर बघायला येतात, काही व्हिडिओ कॉलवर भागवतात. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी संमती आणि एक हमीपत्र, एवढं साधारण लागतं. हमीपत्र नीट वाचा. वयात आल्यावर निर्बीजीकरण करीन, लसी चुकवणार नाही, विकणार किंवा परस्पर कोणाला देणार नाही, सांभाळणं जमलं नाही तर परत संस्थेकडे आणीन, असा त्याचा मजकूर असतो.

सोसायटीच्या परवानगीची गरज नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. तोंडाला जाळी बांधाच, असा आग्रहही धरता येत नाही. मात्र सामायिक जागेत पट्टा हवा आणि घाण आपण उचलायची. माझ्या मते भांडणं नियमांवरून कमी आणि न उचललेल्या घाणीवरून जास्त होतात.

गल्लीतलंच एखादं कुत्रं घरी घ्यायचं असेल तर आधी त्याला खाऊ घालणाऱ्यांशी बोला. कानाला खाच आहे का बघा. असेल तर निर्बीजीकरण झालेलं आहे, पुन्हा शस्त्रक्रियेची गरज नाही. गळ्यात जुना पट्टा असेल किंवा माणसांची फारच सवय दिसली तर ते कोणाचं तरी हरवलेलंही असू शकतं. दवाखान्यात नेऊन मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) आहे का ते तपासून घ्या. पिल्लू असेल तर आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका.

सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशानंतर भटकं कुत्रं दत्तक घेण्यासाठी थेट महापालिकेकडेही अर्ज करता येतो. अशा कुत्र्याला ओळखीचा टॅग लावून ते अर्जदाराच्या ताब्यात दिलं जातं आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची. हौस म्हणून अर्ज करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. पाळलेलं जनावर सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही दहा ते पन्नास रुपयेच आहे, ही गोष्ट वेगळी.

परवाना: सगळं लसीवर अडतं

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कुत्र्यांवर कर बसवण्याची तरतूद आहे. मुंबईला १८८८चा स्वतंत्र कायदा आहे. शुल्क आणि मुदत ज्याची त्याची महापालिका ठरवते. रक्कम फार नसते, त्यामुळे एजंटाला पैसे देण्यात अर्थ नाही. पुण्यात २०२२पासून मांजरांच्याही नोंदणीचा नियम आहे.

कागद मोजके: ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचा फोटो आणि रेबीज लसीचं प्रमाणपत्र. पहिले तीन घरात असतात. खोळंबा चौथ्यावर होतो. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, त्यामुळे दोन महिन्यांच्या पिल्लाचा परवाना मागण्यात हशील नाही. त्यानंतरचे डोस डॉक्टर सांगतील तसे, आणि मग दरवर्षी. नऊ-इन-वन सारख्या नावाच्या लसी गॅस्ट्रो, डिस्टेंपर, लेप्टो अशा रोगांवरच्या असतात. त्यात रेबीज आहे असं धरून चालू नका. वहीत त्याचं वेगळं स्टिकर दिसलं पाहिजे.

डॉक्टरांकडून निघण्याआधी वही तिथेच उघडून बघा. मालक म्हणून तुमचं नाव, ओळखपत्रावर आहे तसंच. कुत्र्याचं नाव, लिंग, रंग, वय. लसीचं बॅच नंबर असलेलं स्टिकर, दिल्याची तारीख, पुढची तारीख. डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. शिक्का नसेल तर मागून घ्या, यात संकोच नको. जातीच्या रकान्यात ठिपकीसमोर ‘नॉन-डिस्क्रिप्ट’ असं लिहिलंय. म्हणजे वर्णन करता येत नाही अशी! गावठी कुत्र्यासाठी हाच सरकारी शब्द आहे, अर्जातही तोच निवडा. दत्तक घेतलेलं असेल तर संस्थेचं पत्र सोबत जोडा, म्हणजे जुन्या नावाचा घोळ होत नाही.

अर्ज महापालिकेच्या संकेतस्थळावर किंवा आरोग्य खात्याच्या पशुवैद्यकीय विभागात. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर आणि अर्ज सुनेच्या, असं असेल तर स्वतःच्या नावाचा दुसरा पुरावा आधीच काढून ठेवा.

परवाना हातात आला म्हणून कुत्रं मोकळं सोडायची मुभा मिळत नाही. आपल्या जनावरामुळे कोणाला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

नवीन कुत्रं पहिले काही दिवस घाबरलेलं असतं. जेवताना, झोपलेलं असताना मुलांनी हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. तरी दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, कुत्रं घरचं आणि लस दिलेलं असलं तरी. सरकारी रुग्णालयात माणसांसाठीची रेबीजची लस मोफत मिळते. दंडावर घ्यायची असेल तर दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. त्वचेत घ्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८. पोटात चौदा इंजेक्शनं ही आता जुनी गोष्ट आहे, तेव्हा त्या भीतीने कोणी टाळाटाळ करत असेल तर त्याला हे सांगा.

दिवाळीच्या आधी पट्ट्याला तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला लावून घ्या. फटाक्यांना घाबरून दार उघडं दिसताच पळालेल्या कुत्र्याच्या गळ्यात परवाना नसतो, तो तुमच्या फाइलमध्ये असतो. आणि रेबीजच्या लसीची तारीख परवाना संपण्याच्या महिनाभर आधी येईल अशी डॉक्टरांशी बोलून जुळवून घ्या. यंदा ठिपकीची लस बाराला झाली, परवाना संपत होता दहाला, आणि मी पुन्हा रांगेत.